आई पिल्लाला कशी ओळखते?

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडे नानीकडे जायचो. नानीच्या अंगणात चार-पाच शेळ्या असत. एके दुपारी नानी शेजारच्या गावी मय्यतीला गेली होती आणि तेवढ्यात काळी शेळी व्याली. करडू ओलेचिंब, चिकट, मातीने माखलेले. आम्हाला त्याची दया आली. शेळी अजून धापा टाकत होती, तोच आम्ही ते उचलून मोरीत नेले, साबण लावून आंघोळ घातली आणि गोधडीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवले. आपण फार चांगले काम केले, असे आम्हाला वाटत होते.

असरच्या सुमारास नानी परतली. आम्ही मोठ्या कौतुकाने करडू आईपुढे ठेवले. शेळीने त्याला एकदा हुंगले आणि डोक्याने अशी ढुशी मारली की ते बिचारे कोलमडून पडले. पुन्हा उभे केले, पुन्हा ढुशी. पिल्लू भुकेने ओरडत होते आणि आई पाठ फिरवत होती. मी तर रडायलाच लागलो.

नानी आमच्यावर चिडली नाही. एवढेच म्हणाली, "तिला ते तिचं वाटत नाही, बेटा. तुम्ही त्याची ओळखच धुऊन टाकली."

या वाक्यात किती शास्त्र भरलेले आहे, ते मला फार उशिरा कळले.

शेळी व्याली की ती ताबडतोब पिल्लाला चाटू लागते. आपल्याला वाटते, ती त्याला साफ करते. ते खरेच आहे. चाटल्याने पिल्लू कोरडे होते, त्याच्या अंगात ऊब येते, ते लवकर उभे राहते. पण त्याच वेळी आणखी एक काम चालू असते. पिल्लाच्या अंगाचा गंध आईच्या मेंदूत नोंदवला जात असतो. विताना तिच्या मेंदूत ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य पाझरते आणि नाकाकडून येणारे संदेश टिपून ठेवण्यासाठी मेंदू जणू खुला होतो. मेंढ्यांवरच्या अभ्यासात एक नवल दिसले आहे. एरवी गर्भजलाच्या वासाने मेंढी मागे सरते. पण विण्याच्या वेळी तोच वास तिला पिल्लाकडे ओढून नेतो.

हा खुला वेळ मात्र फार थोडा असतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या पीटर क्लॉपफर यांनी १९६४ मध्ये शेळ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. काही शेळ्यांजवळ त्यांनी पिल्लू जन्मल्यावर फक्त ५ मिनिटे राहू दिले आणि मग दूर नेले. काहींचे पिल्लू जन्मताच उचलले. काही वेळाने पिल्ले परत आणली, तेव्हा ५ मिनिटे मिळालेल्या बहुतेक शेळ्यांनी आपले पिल्लू जवळ घेतले. ज्यांना ती ५ मिनिटेही मिळाली नव्हती, त्यांपैकी बहुतेकींनी पोटच्या पिल्लाला हाकलून दिले. हेच आमच्या हातून घडले होते. पुढच्या प्रयोगांत शेळीचे नाक तात्पुरते बधिर करून पाहिले, तेव्हा तिला आपले आणि परके यांतला फरक कळेना. म्हणजे सुरुवातीची ओळख डोळ्यांची नसते, नाकाची असते. काही दिवसांनी आई पिल्लाला आवाजाने आणि रूपानेही ओळखू लागते. तरी दूध पाजताना ती मान वळवून त्याच्या शेपटीजवळ हुंगून खात्री करून घेतेच. शेळ्या पाळणाऱ्यांनी हे रोज पाहिलेले असते.

डेव्हिड गुबर्निक या संशोधकाने त्यात आणखी एक भर घातली. आई पिल्लाला चाटते आणि पाजते, तेव्हा तिच्या लाळेतून व दुधातून तिची स्वतःची खूण पिल्लावर उमटते. म्हणजे पिल्लू आपला वास घेऊन येते आणि आई त्यावर आपला शिक्का मारते.

आता नानीने काय केले ते ऐका. तिने आधी शेळीची धार काढून चीक वाटीत घेतला आणि बोटाने थोडा थोडा करडाला चाटवला. उरलेला चीक त्याच्या पाठीला आणि शेपटीखाली चोळला. शेळी जिथे व्याली होती, तिथले ओले गवत आणून त्याच्या अंगावर घासले. वरून चिमूटभर मीठ लावले, म्हणजे शेळी चाटायला लागेल. मग शेळीला आखूड दोरीने बांधून, तिचे डोके धरून पिल्लाला सडाशी लावले. दोन दिवस आणि दोन रात्री नानी दर दोन-तीन तासांनी उठत होती. तिसऱ्या दिवशी फजरच्या वेळी मी अंगणात गेलो, तर शेळी करडाला चाटत होती. तिला धरायला कोणी नव्हते.

नानीला ऑक्सिटोसिन माहीत नव्हते. पण जगभरचे मेंढपाळही असेच काही करत आले आहेत. एखाद्या मेंढीचे कोकरू मेले, तर त्याचे कातडे दुसऱ्या पोरक्या कोकरावर पांघरतात. मेंढी आपल्या पिल्लाचा वास ओळखून त्या पोरक्याला पाजते.

गंधाची ही भाषा सगळीकडे आहे. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याकडे निघालेली मुंग्यांची रांग वासाच्या वाटेवरून चालते. ती वाट साबणाच्या पाण्याने पुसली की मुंग्या गोंधळतात. वारुळातली आपली आणि परकी मुंगीही अंगाच्या गंधावरूनच कळते. मधमाशी डंख मारते, तेव्हा पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो आणि इतर माश्या सावध होऊन धावून येतात. वाघ झाडावर जी खूण फवारतो, तिला बासमती भातासारखा वास येतो. तो कशामुळे येतो, याचा शोध कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी घेतला. सुगंधी तांदळात असतो तोच घटक त्या द्रवात सापडला.

माणूस याला अपवाद नाही. जन्मानंतर तासभर जरी बाळ कुशीत मिळाले, तरी पुष्कळ माता केवळ कपड्याच्या वासावरून आपले बाळ ओळखतात, असे प्रयोगांत दिसले आहे. आठवडाभराचे तान्हेसुद्धा आईच्या दुधाच्या वासाकडे तोंड वळवते. हे वाचताना मला सूरह यूसुफची आठवण होते. इजिप्तहून काफिला निघतो आणि दूर बसलेल्या हजरत याकूब (अलै.) यांना हरवलेल्या मुलाचा सुगंध जाणवतो. तो अल्लाहच्या कृपेचा प्रसंग आहे, त्याला प्रयोगशाळेच्या मापाने मोजू नये. पण बाप मुलाच्या वासाने ओळख धरतो, हे ऐकताना कोणाही आईबापाचे डोळे भरून येतात.

ज्या घरांत शेळ्या आहेत, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. शेळी सुखरूप व्याली असेल, तर पिल्लू तिच्या तोंडाजवळ राहू द्यावे. नाकातोंडातला चिकटा काढायचा असेल, तर तिच्यासमोरच स्वच्छ फडक्याने पुसावा. पिल्लाला आंघोळ घालू नये आणि मुलांना ते हाताळू देऊ नये. पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. रोगाशी लढायची ताकद करडाला गर्भात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आईने झिडकारले, तर हताश होऊ नये. तिचाच चीक पिल्लाच्या अंगाला चोळावा, तिला धरून पाजावे आणि दोन-चार दिवस धीर धरावा. तरीही जमले नाही, तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून बाटलीने पाजावे.

आमच्या त्या करडाचे नाव आम्ही साबू ठेवले होते. पुढच्या सुट्टीत गेलो, तेव्हा ती चांगली मोठी पाट झाली होती. मला पाहून मात्र ती लांब पळाली.