गच्चीची किल्ली द्या, मॅडम!

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट होती. रात्री दोन वाजता माझी रूममेट दचकून उठून बसली. छातीतून शिट्टीसारखा आवाज, तोंडातून शब्द फुटेना. इनहेलर घेतल्यावर अर्ध्या तासाने तिला जरा बरं वाटलं. आणि सकाळी विंगमध्ये चर्चा काय? "ही फार टेन्शन घेते बाई!"

मैत्रिणींनो, टेन्शन आपल्या सगळ्यांनाच असतं. सुट्टीत घरी गेली की हीच मुलगी ठणठणीत असते. दमा तिचा हे मान्य, पण तो वाढवते ती आपली खोली.

सुरुवात गादीपासून करू. आपल्या कॉटवरच्या कापसाच्या गाद्या किती बॅचेसनी वापरल्यात देव जाणे! त्यांत डस्ट माइट्स राहतात. आकार जेमतेम पाव मिलिमीटर, खाणं म्हणजे आपल्या अंगावरून झडलेली त्वचा. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेचे कण झोपेत नाकात जातात आणि ॲलर्जी असलेल्यांची श्वासनलिका सुजते. हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. हवा बराच काळ कोरडी राहिली तर सुकून मरतात. आता कर्वेनगरात पावसाळ्यात ओढणीसुद्धा चार दिवस वाळत नाही, म्हणजे माइट्सची चंगळच!

त्यात डासांसाठी खिडक्या लावून आपण कॉइल पेटवतो. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगरेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. सिगरेटवाल्यांना नावं ठेवणाऱ्या आपण रात्रभर काय ओढतो, बघा! बरं, खिडकी उघडावी तर मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत. त्याच्या परागकणांचाही अनेकांना त्रास होतो. या गवताचा भारतातला फैलाव पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५० च्या दशकात, आपल्या पुण्यातच!

उपाय महागडे नाहीत. चादरी आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा कडकडीत, म्हणजे ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे. कोमट पाण्यात माइट्स मरत नाहीत. झाडू कोरडा फिरवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावायची. रात्रीच्या मॅगीचं पातेलं कॉटखाली ठेवायचं नाही, कारण झुरळांचीही ॲलर्जी असते. यातली एकच गोष्ट करून फारसा फरक पडत नाही, सगळ्या मिळून कराव्या लागतात. आणि डॉक्टरांनी दिलेला इनहेलर मात्र यातलं काहीही केलं तरी बंद करायचा नाही.

राहिली गादी. ती काही बादलीत मावत नाही! आपल्या आज्या गाद्या कडक उन्हात टाकायच्या, उलटून पालटून बडवायच्या. उन्हाच्या तापाने आणि कोरडेपणाने माइट्स मरतात, बडवल्याने धूळ निघते. (दमा असलेलीने मात्र तेव्हा तिथे थांबू नये.) आज्यांनी कुठल्या जर्नलमध्ये वाचलं नव्हतं, पण करत होत्या ते बरोबरच.

आपल्याकडे ऊन आहे, गच्ची आहे, पण गच्चीला कुलूप आहे. मुली तिथे मोबाइलवर बोलत बसतात म्हणून! रेक्टर मॅडम, तुमची काळजी आम्हाला कळते. पण पावसाळा संपला की महिन्यातून एक रविवार, दहा ते चार, गच्ची उघडा. हवं तर वॉचमनकाकांना तिथे बसवा. गाद्या आम्ही वर नेऊ, आम्हीच खाली आणू. फोनवर बोलायला आम्हाला जिना पुरतो, श्वास घ्यायला पुरत नाही.