विमानाचे सुकाणू आणि तेलाचा दाब

अहमदाबाद विमान दुर्घटनेचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला आणि चर्चा इंधनाच्या दोन स्विचांवर थांबली. त्याच अहवालात 'रॅट' या छोट्या पंख्याचीही नोंद आहे. अपघातानंतर त्याचे चित्र पाहून 'हायड्रॉलिक निकामी झाले' असे निदान अनेकांनी घरबसल्या केले होते.

मोठे विमान वळते ते पंखांवरची आणि शेपटीवरची पाती हलवून. वेग दुप्पट झाला की या पात्यांवरचा हवेचा जोर चौपट होतो. माणसाच्या दंडांना तो पेलत नाही. म्हणून बोइंग ७८७ मध्ये वैमानिक फक्त हुकूम देतो. विजेचा संदेश झडप उघडतो आणि दाबाखालचे तेल दट्ट्या ढकलते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५० किलो असतो. आपला १२० चा रक्तदाब त्याच्या जवळपास दोन हजारावा हिस्सा! वीस चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर सात टनांचा जोर येतो. यात हाताला हवेचा अंदाज लागत नाही. जाड हातमोजा घालून नाडी पाहावी तसे. म्हणून सुकाणूला मुद्दाम कृत्रिम ताण दिलेला असतो.

दाब गेला तर? म्हणून तीन स्वतंत्र यंत्रणा ठेवतात. तरीही १९८९ मध्ये अमेरिकेत एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतले इंजिन फुटले आणि तिन्ही यंत्रणांच्या तिथून जाणाऱ्या नळ्या एकदम तुटल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान सू सिटीला उतरवले. २९६ पैकी १८४ जण वाचले. पुढे त्या विमानांत गळती होताच तेल अडवणारी सोय बसवली गेली.

अहमदाबादेत क्रम उलटा होता. तेलाचे पंप इंजिनावर किंवा इंजिनाने केलेल्या विजेवर चालतात. आधी इंधन तुटले, इंजिने मंदावली आणि साधारण पाच सेकंदांत वाऱ्यावर फिरणाऱ्या रॅटने तेलाला दाब पुरवायला सुरुवात केली. ताप म्हणजे रोग नव्हे, तसे पंखा बाहेर येणे हे लक्षण होते. सुकाणू हलण्यापुरता दाब तो देतो, विमान पुढे ढकलण्याची ताकद त्याच्यात नसते. उंची तर हाताशी नव्हतीच. खाली बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहात दुपारच्या जेवणाची वेळ होती.