शेरा आणि अभिप्राय

दुसऱ्याच्या कामातील उणीव दाखवून देणे, हे काम अनेकांना रोज करावे लागते. कारखान्यातील मुकादम, दुकानाचा मालक, रुग्णालयातील मुख्य परिचारिका, कार्यालयातील साहेब यांची त्यातून सुटका नसते. परंतु ते कसे करावे, हे सहसा कोणी शिकवत नाही. मग आपल्याला जसे बोलले गेले, तसेच आपण पुढच्याला बोलतो. आपल्या भाषेत अभिप्राय 'दिला' जातो, सल्लाही 'दिला' जातो. शेरा मात्र 'मारला' जातो. त्यातला घाव भाषेने केव्हाच ओळखला आहे.

एकाच्या कामातील चूक दुसऱ्याने दाखवणे, हा न्यायदानाच्या व्यवस्थेतील नित्याचाच भाग आहे. जबलपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात मध्य प्रदेश उच्च न्यायालय आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरचे हे न्यायालय जबलपूरला आले आणि त्याच्या पाठोपाठ कित्येक मराठी वकील व कर्मचारीही तेथे स्थायिक झाले. खालच्या न्यायालयांचे निकाल येथे अपिलात तपासले जातात. अमुक साक्षीचा विचार झाला नाही, तमुक कलमाचा अर्थ चुकला, असे कारणांसह लिहून निकाल बदलला जातो किंवा फेरसुनावणीसाठी परत पाठवला जातो. ज्याचा निकाल फिरला तो न्यायाधीश दुसऱ्या दिवशी आपल्या खुर्चीवर बसून पुढची प्रकरणे ऐकतो. निकाल फिरला म्हणून त्याची बेअब्रू झाली, असे कोणी मानत नाही. कामाच्या ठिकाणी चूक दाखवण्याची याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही.

तथापि, तेथेही तोल सुटतो. मध्य प्रदेशातील एका न्यायाधीशाने एका आरोपीला जामीन दिला होता. उच्च न्यायालयाला तो अयोग्य वाटला. तो रद्द करणे हा उच्च न्यायालयाचा अधिकारच होता. पण आदेश लिहिताना न्यायाधीशाच्या हेतूविषयीही संशय व्यक्त झाला. प्रकरण दिल्लीला गेले. १९९३ साली 'के. पी. तिवारी विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते शेरे काढून टाकले. न्यायालयाने म्हटले की, न्यायाधीशांकडूनही चुका होतात हे मान्य करूनच आपल्या व्यवस्थेने अपिलाची सोय ठेवली आहे. खालच्या न्यायालयात पक्षकार आणि वकील अगदी अंगाशी आलेले असतात; तेथील न्यायाधीशाला वरिष्ठ न्यायालयातील निवांतपणा लाभत नाही. म्हणून प्रत्येक चुकीमागे, ती कितीही ढोबळ दिसली तरी, वाईट हेतू शोधू नये.

हे विवेचन मला फार मोलाचे वाटते. वरून पाहणाऱ्याला चूक स्पष्ट दिसते, पण ती कोणत्या गडबडीत घडली हे दिसत नाही. शिवण चुकलेली दिसते. दिवसभरात किती नग पुरे करायचे होते, ते दिसत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, चारचौघांत कडक बोलल्याशिवाय इतरांना जरब बसत नाही. जरब बसते, हे खरे आहे. पण जरब बसलेला माणूस पुढची चूक सुधारण्यापेक्षा लपवण्याचाच विचार आधी करतो. २००१ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले. निकालाच्या शीर्षकात त्या न्यायिक अधिकाऱ्याचे नावदेखील दिलेले नाही. केवळ 'के' हे एक अक्षर आहे. निकालपत्रात शेरा मारला, तर त्या व्यक्तीचे म्हणणे न ऐकताच तिला दोष दिल्यासारखे होते आणि झालेली मानहानी मागाहून भरून निघत नाही, असे न्यायालयाने सांगितले. वागणुकीविषयी काही गंभीर म्हणायचे असेल, तर ते स्वतंत्र टिपणात लिहून मुख्य न्यायाधीशांपुढे ठेवावे, म्हणजे त्या अधिकाऱ्याला उत्तर देता येईल, असा मार्गही सुचवला.

आता ऐकणाऱ्याविषयी थोडे. "तुमचे काम बरोबर नाही" हे वाक्य कानांवर पडले की राग येणारच. अशा वेळी "नेमके कोठे चुकले?" असे शांतपणे विचारावे. "या पावतीवर तारीख राहिली आहे" असे उत्तर आले, तर ती तारीख आपल्याला घालता येते. समोरच्याला नेमके ठिकाण सांगताच आले नाही, तर ते बोलणे किती मनाला लावून घ्यायचे, तेही आपल्याला कळते. आणि यंत्र बिघडले होते किंवा माल उशिरा आला होता, असे खरे कारण असेल तर ते सांगण्यात उद्धटपणा नाही.

कठोर बोलण्याची चर्चा पुष्कळ होते. न बोलण्याची फारशी होत नाही. "कशाला कोणाचे मन दुखवा" म्हणून गप्प राहणारे वरिष्ठ सज्जन समजले जातात, पण हातची नोंद ते करतातच. सीमा रस्ते संघटनेतील देवदत्त या अभियंत्यांच्या १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात 'चांगले' अशी नोंद होती. बढतीसाठी मात्र सलग पाच वर्षे 'अतिशय चांगले' ही श्रेणी आवश्यक होती. 'चांगले' ही काही निंदा नव्हे, म्हणून ती नोंद त्यांना कळवली गेली नाही. आणि तिच्याचमुळे बढतीसाठी त्यांचा विचार झाला नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नोंद बरी असो वा वाईट, ती कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण वार्षिक अहवाल संबंधित अधिकाऱ्याला दाखवण्याचा आदेश काढला. देवदत्त यांना ती नोंद दोन महिन्यांत कळवावी आणि तिच्याविरुद्ध म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असेही न्यायालयाने सांगितले. तोवर ते सेवानिवृत्त झाले होते.