मुळे हवेतच बरी!

दसऱ्यात म्हैसूरच्या कुप्पण्णा पार्कमधील पुष्पप्रदर्शन पाहिल्यावर आपल्याही घरी एखादे ऑर्किड असावे, असे कोणत्या गृहिणीला वाटत नाही? हौसेने रोप आणले जाते. फुले महिना-दोन महिने टिकतात. मग एके दिवशी कुंडीच्या काठावरून जाड, रुपेरी मुळे बाहेर लोंबताना दिसतात. कुणी ती 'वेडीवाकडी' म्हणून छाटून टाकते, तर कुणी मोठ्या कुंडीत मातीखाली दाबते. दोन्ही उपाय रोपाच्या जिवावर बेततात.

बांडगूळ नव्हे!

आपल्याकडे आढळणारी अनेक ऑर्किड, म्हणजे आमरी, झाडांवर वाढतात. त्यामुळे त्यांना बांडगूळ समजले जाते. 'व्हँडा' हे एका ऑर्किडचे नाव तर संस्कृत 'वंदा'वरून आले आहे आणि वंदा म्हणजे बांडगूळच! पण बांडगूळ झाडाचा रस शोषते, आमरी फक्त आधार घेते. तिला पाणी मिळते ते पावसातून आणि दवातून, याच मुळांमार्फत. मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते, भिजले की आतला हिरवा रंग उमटतो. हे हरितद्रव्य उजेडात थोडे अन्नही तयार करते. अशी मुळे गच्च मातीत कोंडली, की हवेअभावी कुजतात.

कुंडी बदलताना

* फुले ओसरून नवी मुळे फुटू लागली, की कुंडी बदलावी.
* आधी मुळे १५-२० मिनिटे पाण्यात ठेवावीत. ती लवचीक होतात, मोडत नाहीत.
* कुंडी भरपूर भोकांची आणि आधीपेक्षा किंचितच मोठी घ्यावी. तीत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि भिजवून धुतलेले नारळाचे सोडण भरावे. माती मुळीच नको.
* हवेत वाढलेली जुनी मुळे बाहेरच राहू द्यावीत. नवे, आखूड मूळ मात्र हलकेच कुंडीकडे वळवता येते.
* दाबल्यावर पोकळ किंवा लिबलिबीत लागणारी मुळे तेवढी कापावीत. कात्री आधी ज्योतीवर तापवून गार करावी.

व्हँडा आणि सीतेची वेणी यांना कुंडीचा आग्रहच धरू नये. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत किंवा अंगणातल्या आंब्याच्या खोडावर सुती दोरीने बांधल्यास त्या जास्त खुलतात.

म्हैसूरचा मार्च-एप्रिल कोरडा असतो. त्या दिवसांत सकाळी मुळांवर पाणी फवारावे. खडे आणि पाणी घातलेली थाळी कुंडीखाली ठेवावी, पण कुंडीचा तळ पाण्यात बुडू देऊ नये. पावसाळ्यात रोप वळचणीखाली, हवेशीर जागी हलवावे.

आणखी एक. नागरहोळे, बंडीपूरच्या सहलीत झाडावरचे ऑर्किड ओरबाडून आणण्याचा मोह टाळा. राष्ट्रीय उद्यानातून रोप काढणे हा गुन्हा आहे. शिवाय अशा ओढाताणीत मुळे तुटतात आणि रोप घरी आणूनही जगत नाही. विश्वासाच्या रोपवाटिकेतूनच रोप घ्या.

पाणी कधी घालायचे, हा प्रश्न पडला तर उत्तर मुळांकडेच आहे. मुळे हिरवी असतील तर थांबा, रुपेरी झाली की झारी उचला. कापून टाकलेल्या मुळांकडून हे उत्तर मिळणार नाही.