ब्रेकांचा गंज आणि रंगाचा मोह

दसरा जवळ आला कीं जठारपेठेंत घरोघरीं मोटारी धुण्याची एकच धांदल उडते. पावसाळाभर चिखल तुडविलेलें वाहन झेंडूच्या माळेस योग्य व्हावें, ही इच्छा स्तुत्यच होय. अलीकडे या स्वच्छतेंत एका नव्या हौशीची भर पडली आहे. चाकांच्या मोकळ्या आऱ्यांतून आंतील ब्रेकचे भाग दिसतात. ते गंजलेले पाहून मनास रुखरुख लागते, आणि एखादा उत्साही तरुण तांबडा रंग घेऊन घरींच कामास बसतो. या हौशीविषयीं दोन शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

आम्ही या उद्योगाच्या विरुद्ध नाहीं. हातांनीं काम करण्यांत कमीपणा मानणारी विद्या अपुरीच होय. लोखंड, हवा व पाणी यांच्या संयोगानें गंज होतो, हें आम्ही रसायनशास्त्राच्या तासास पाठ करितों. परंतु आपल्या वऱ्हाडची काळी चिकण माती चाकाच्या आंत बसून ओल कशी धरून ठेवते, हें गाडीखालीं वांकल्याखेरीज कळत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, रंग हा शेवटचा विधि आहे, पहिला नव्हे.

सगळा गंज सारखा नसतो. पावसानंतर डिस्कवर येणारी पातळ पिंगट झांक चार वेळां ब्रेक दाबतांच निघून जाते. ड्रमच्या किंवा कॅलिपरच्या बाहेरील गंज तारेच्या ब्रशानें व पॉलिश पेपरानें काढतां येतो. पण डिस्कच्या कडेचे पापुद्रे सुटूं लागले, खोल चरे पडले, अथवा कॅलिपर सरकेनासा झाला, तर तेथें रंग फासणें म्हणजे रोग्याची नाडी न पाहतां त्यास नवा सदरा घालणें होय. शिवाय ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें, व त्यामुळें नळ्यांच्या आंतूनही गंज धरतो. तेथवर कोणाचाही ब्रश पोहोंचत नाहीं. मुदतीनें ऑइल बदलणें हाच त्यावर उपाय.

आमच्या परिचयाच्या एका घरीं मुलानें दोन दिवस खपून ब्रेक रंगविले. ड्रम उतरवून रंग मारतांना फवाऱ्याचा रंग लायनरवरही बसला. खंडेनवमीस गाडी बाहेर काढतांना एक लहान मूल आडवें आलें. ब्रेक दाबला, तरी गाडी दोन हात पुढें जाऊनच थांबली. मूल वांचलें, परंतु तो लाल रंग पुढें त्या घरीं कोणास सुंदर वाटला नाहीं.

म्हणून काम करणारानें कांहीं पथ्यें पाळावीं. गाडी सपाट जागीं उभी करून जमिनीवरील चाकांस दगड लावावे. केवळ जॅकवर न विसंबतां मजबूत घोडी द्यावी. ब्रेकची धूळ फुंकूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो व तो फुप्फुसांस घातक आहे. ती ओल्या फडक्यानें टिपावी. जेथें घर्षण होतें ते पृष्ठभाग, लायनर, पिस्टन व रबरी भाग यांस रंगाचा थेंबही लागूं नये. ब्रेक फार तापतात, म्हणून दारांखिडक्यांचा साधा रंग न वापरतां उष्णता सोसणारा रंग पातळ थरांनीं द्यावा. चाक बसविल्यावर पेडल टणक लागेपर्यंत दाबावें, आणि मोकळ्या जागीं हळू चालवून पाहिल्यावरच रस्त्यावर जावें.

मिस्त्रीस पैसे कशास द्यावे, असें कोणी म्हणेल. गंज काढण्याचे व रंगाचे पैसे खुशाल वांचवावे. पण लायनरची जाडी व डिस्कची झीज जाणत्या माणसाकडून पाहून घेण्यांत काटकसर करूं नये. ज्यास आपल्या कामाची मर्यादा कळते, तोच खरा कसबी.

येत्या दसऱ्यास माळ घालण्यापूर्वीं आमच्या विद्यार्थिबंधूंनीं चाकामागें अवश्य डोकावावें, हातही काळे करावे. मात्र रंग कोणता द्यावा हा प्रश्न मागाहून. गाडी वेळेवर थांबते कीं नाहीं, हा आधीं.