‘रिजेक्ट झालं’ म्हणजे नेमकं कोणी केलं?

गेल्या जूनमध्ये धाकट्या बहिणीच्या प्रवेशासाठी एक दाखला हवा होता. जळकोटच्या ई-सेवा केंद्रात पोराने स्क्रीनकडे बघत सांगितलं, “रिजेक्ट झालंय की.”

“कोणी केलं?”

“सिस्टीमनं.”

कारणाच्या रकान्यात तीन शब्द होते : डॉक्युमेंट नॉट क्लिअर. आम्ही सात कागद जोडले होते. त्यातला कोणता?

माझं भांडण इंग्रजी शब्दाशी नाही. रिजेक्ट आता आपलाच झालाय, स्थळापासून रीलपर्यंत सगळीकडे चालतो. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी मागे फेकणं आहे, आणि फेकायला हात लागतो. भांडण आहे त्यापुढच्या ‘झालं’शी. पाऊस झाला, ताप आला, रिजेक्ट झालं. जणू कोणाचा हातच लागला नाही!

मराठी फार सोज्वळ आहे असंही नाही. ‘नामंजूर झाला’ हीसुद्धा तीच पळवाट. लग्नाच्या बाजारात तर ‘पत्रिका जमत नाही’ म्हणून आपण किती पोरींना गप्प केलंय, ते घरोघरी विचारा. तरी कागदावरच्या नामंजूरखाली निदान सही-शिक्का असायचा. भांडायला कोणाच्या दारात जायचं ते कळायचं.

आता आपल्याकडचं सोयाबीन बघा. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत. वाईट वाटतं, शिव्याही निघतात, पण यंत्रावरचा आकडा शेतकऱ्याला दिसतो. माल वाळवून परत आणता येतो. आणि आकडा उघड असल्यामुळेच त्या आकड्यावर बोट ठेवता आलं : पावसात भिजलेलं पीक 12 वर कसं आणायचं? ओरड झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये, ऐन विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा 15 टक्के केली. निवडणूक नसती तर केली असती का, हा वेगळा वाद. पण तिथे नुसतं ‘माल नॉट क्लिअर’ असं लिहिलं असतं, तर मागणी तरी कशाची केली असती?

दाखल्याच्या बाबतीत तर कायदाच आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 म्हणतो की अर्ज फेटाळायचा असेल तर कारणं लेखी नोंदवा, आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचं तेही अर्जदाराला कळवा. पहिल्या अपिलाला 30 दिवस मिळतात. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातही नकाराला कारण द्यावंच लागतं. म्हणजे नकार देणं हे अधिकाऱ्याचं काम आहे, आणि कामाला कर्ता असतो. हे सगळं मलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आपण स्क्रीनशॉट काढतो, रडका इमोजी टाकतो, नवीन फी भरून पुन्हा अर्ज करतो.

मी त्याच केंद्रात बसून अपील लिहिलं. दोनच मागण्या होत्या : कोणत्या कागदात काय दोष आहे, आणि नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम काय.

पोरगा टाइप करता करता थांबला. “असं कोणी विचारत नाही, दादा.”

नवव्या दिवशी उत्तर आलं. रेशन कार्डाचं मागचं पान पुसट स्कॅन झालं होतं. दोन मिनिटांचं काम. तोवर बहिणीची पहिली फेरी गेली होती.