खालीच्या मात्रांचा हिशेब

सियागंज ही घाऊक व्यापाराची पेठ. तेथे प्रत्येक वस्तू तोलून घेतली जाते आणि ‘उपयोग काय झाला?’ हा प्रश्न आधी विचारला जातो. नुकताच तेथे आपल्या आरमाराच्या जुन्या पाणबुड्यांचा विषय निघाला, तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नेमके हेच विचारले, “एकाहत्तरच्या युद्धात त्यांनी बुडवले काय?” उत्तर सरळ आहे: एकही जहाज नाही. परंतु त्यामुळे त्यांची नोकरी फुकट गेली, हे मला मान्य नाही.

खांदेरी हे नाव आपल्या घरांत नवे नाही. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरील त्या बेटावर किल्ला बांधावयास घेतला आणि इंग्रज व सिद्दी या दोघांनाही न जुमानता तो राखला. त्याच नावाची पाणबुडी ६ डिसेंबर १९६८ रोजी सोव्हिएत संघातील रिगा येथे आपल्या आरमारात दाखल झाली. पुढच्याच वर्षी करंज आणि कुर्सुरा आल्या. सुएझचा कालवा १९६७ पासून बंद होता. म्हणून या बोटींना आफ्रिकेला वळसा घालून यावे लागले. लांबी सुमारे ९१ मीटर, आणि आत पाऊणशेच्या आसपास माणसे.

पाण्यावर डिझेल एंजिन आणि पाण्याखाली बॅटऱ्यांची वीज, अशी त्यांची चाल. बॅटऱ्या भरावयाच्या तर एंजिनाला हवा हवी. त्यासाठी पृष्ठभागाजवळ यावे लागते, आणि एंजिनाचा आवाज शत्रूच्या कानी जातो. म्हणजे सारी विद्या आवाज न करण्याची आणि दुसऱ्याचा आवाज ओळखण्याची. आम्हा गाणे शिकविणाऱ्यांना तिचे मोल वेगळे सांगावयास नको.

१९७१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कुर्सुरा आणि करंज अरबी समुद्रात गस्तीवर गेल्या. त्या पाण्यात त्रयस्थ देशांची व्यापारी जहाजेही ये-जा करीत. म्हणून ओळख पक्की पटल्यावाचून हल्ला करू नये, असा हुकूम होता. तो त्यांनी पाळला. हे काम किती जोखमीचे होते, ते त्याच युद्धात दिसले. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुखरी’ बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यापूर्वी काही दिवस त्यांचीच ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ सर्व माणसांसह तळाशी गेली होती. हाती शस्त्र असून, मृत्यू शेजारी असून, खात्री नाही म्हणून हात आवरणे, याला मी निष्क्रियता म्हणणार नाही.

तबल्यावर खाली येते तेव्हा डग्ग्याचा घुमारा थांबतो. मात्रा थांबत नाहीत. त्या मोजावयास चुकला तो समेवर येत नाही. गस्तीचे दिवसही असेच मोजावे लागतात.

आंध्राने ते मोजले. ३१ वर्षांच्या सेवेत ७३,५०० सागरी मैल कापून २७ फेब्रुवारी २००१ रोजी निवृत्त झालेली कुर्सुरा २००२ च्या ऑगस्टपासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. युद्धात काहीही न बुडविलेली ही बोट लोक तिकीट काढून पाहतात. उलट त्याच युद्धात नाव कमावलेली विमानवाहू ‘विक्रांत’ मुंबईत २०१४ साली भंगारात निघाली. तेव्हा काय जपावयाचे, हे पराक्रमाच्या तोलावर ठरत नाही. ते जपणाऱ्यांच्या इच्छेवर ठरते.

खांदेरी १९८९ साली निवृत्त झाली. २०१९ साली मुंबईत ते नाव नव्या पाणबुडीला मिळाले, आणि २०२५ साली खांदेरीचा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. नाव दोनदा उजळले. पण मधल्या एकवीस वर्षांची ती बोट आमच्या किती मुलांना ठाऊक आहे? तिच्यावर आणि तिच्या बहिणींवर चाकरी केलेली माणसे आज वृद्ध आहेत. आपल्या मंडळांनी शिवजयंतीच्या एका व्याख्यानाला त्यांपैकी कोणास बोलवावे, आणि ते काय सांगतात ते मराठीत लिहून ठेवावे. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. ऐकणारे पुढेही मिळतील, सांगणारे मिळणार नाहीत.